काळ सोकावतो

७ डिसेंबर १९५० रोजी उत्तर लंडनमध्ये एका पोलिसाने भरधाव जाणारी मोटार अडवली आणि चालकाकडे राष्ट्रीय ओळखपत्र मागितलं. चालकाचं नाव क्लॅरेन्स विलकॉक. मी लिबरल आहे, असल्या गोष्टींना माझा विरोध आहे, असं म्हणून त्याने कार्ड दाखवायला साफ नकार दिला. खटला उभा राहिला आणि विलकॉक हरला. हरणारच होता, कारण कायदा पोलिसांच्या बाजूने होता. १९३९ साली महायुद्ध सुरू होताना केलेला तो कायदा युद्ध संपून पाच वर्षं उलटली तरी कोणी मागे घेतला नव्हता. अपिलातही विलकॉकचा दोष कायम राहिला, पण सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनी कान उपटले ते पोलिसांचे. युद्धकाळात सुरक्षेसाठी दिलेला अधिकार शांततेत असा येता-जाता वापरलात, तर सरळमार्गी माणसंच कायदा मोडणारी ठरतील, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय. १९५२ मध्ये ब्रिटनने ती कार्डं बंद केली.

या हकिकतीत विलकॉकच्या बाणेदारपणापेक्षा मला दोन आकडे जास्त महत्त्वाचे वाटतात. कार्ड सुरू झालं तेव्हा त्याची कामं तीन होती: युद्धासाठी माणसांची भरती, देशाची सुरक्षा आणि रेशन. १९५० पर्यंत तेच कार्ड ३९ सरकारी खाती वापरू लागली होती. तीनाची ही एकोणचाळीस कोणी कट रचून केली नव्हती. प्रत्येक खात्याला आपापलं काम सोपं करायचं होतं आणि यादी आयती तयार होती.

व्यक्तीचा खासगीपणा आणि सरकारचा अधिकार यांचा वाद आपण हल्ली तराजूच्या भाषेत ऐकतो. एका पारड्यात सुरक्षा, दुसऱ्यात खासगीपणा, आणि मध्ये शहाणा माणूस तोल साधत उभा. मला हा तराजू पटत नाही, कारण त्यात काळाचा हिशेबच नाही. माहिती आपण आज देतो, एका कामासाठी देतो आणि समोर बसलेल्या एका सरकारला देतो. ती राहते मात्र त्यानंतरच्या प्रत्येक सरकारकडे, आणि त्या सरकारांना सुचेल त्या प्रत्येक कामासाठी. त्यामुळे सरकारला अडवायचं तर माहिती गोळा करतानाच अडवावं लागतं. एकदा ती दप्तरी जमा झाली की ‘अमक्या कामासाठीच वापरू’ या वचनाला फारसा अर्थ उरत नाही, मग ते वचन कितीही प्रामाणिकपणे दिलेलं असो.

यावर ठरलेला प्रश्न येतोच: कर नाही त्याला डर कशाला? म्हण मोठी ठसकेबाज आहे आणि चोराच्या बाबतीत खरीही आहे. पण ती एक गोष्ट गृहीत धरते. ‘कर’ कशाला म्हणायचं हे आधीच ठरलेलं आहे आणि उद्याही ते तेच राहणार आहे, ही ती गोष्ट. नेदरलँड्सच्या लोकांनीही हेच गृहीत धरलं होतं. तिथल्या नगरपालिकांकडे प्रत्येक रहिवाशाच्या नावाचं कार्ड असे: नाव, पत्ता, जन्मतारीख, धर्म. व्यवस्था अत्यंत टापटिपीची, कारकुनांना अभिमान वाटावा अशी. धर्माचा रकाना भरताना कोणाच्या हाताला कंप सुटला नसेल, सुटायचं कारणही नव्हतं. मग मे १९४०मध्ये जर्मन सैन्य आलं आणि तो रकाना त्यांच्या हाती पडला. नोंदणी खात्याचा प्रमुख याकोब लेंट्स याने तर नक्कल करायला महाकठीण असं नवं ओळखपत्र नाझींना तयार करून दिलं. लेंट्स कट्टर नाझी होता की आपल्या कामाच्या परिपूर्णतेने झपाटलेला कारकून होता, हा वेगळा विषय. माझा कल दुसऱ्या उत्तराकडे आहे, आणि तेच जास्त भीतिदायक आहे.

देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी १ लाखाहून अधिक मारले गेले. जवळच्या फ्रान्स किंवा बेल्जियमपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त. सगळं खापर नोंदवह्यांवर फोडणं बरोबर नाही, इतिहासकार आणखीही कारणं देतात. पण नोंदवह्यांचं मोल त्या काळात भूमिगत चळवळीला नीट कळलं होतं. २७ मार्च १९४३च्या रात्री विल्लेम अरोंडेउस हा चित्रकार आणि त्याचे साथीदार पोलिसांच्या वेशात अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले आणि त्यांनी ते स्फोटकांनी पेटवून दिलं. जवळपास १५ टक्के कार्डं नष्ट झाली, बाकीची शाबूत राहिली. हल्ला करणाऱ्यांपैकी बहुतेक पकडले गेले आणि बारा जणांना गोळ्या घातल्या गेल्या. पूर्वी कधीतरी एक रकाना छापायचा राहिला असता तर जे साधलं असतं, त्यासाठी बारा माणसांनी जीव दिला. तेही पुरतं साधलं नाही.

ते परकं सैन्य होतं, लोकशाहीत असं होत नसतं, असं कोणी म्हणेल. अमेरिकेत जनगणनेची माहिती गोपनीय ठेवण्याची हमी कायद्यातच होती. १९४२ मध्ये युद्धाचं कारण देऊन संसदेने दुसरा कायदा करून ती हमी बाजूला ठेवली. जपानी वंशाचे लोक कुठल्या भागात किती राहतात याचे तक्ते जनगणना खात्याने लष्कराला दिले आणि सुमारे १ लाख २० हजार माणसं छावण्यांमध्ये डांबली गेली. त्यातले बहुसंख्य अमेरिकेचेच नागरिक होते. १९४३ मध्ये तर काही जणांची नावं-पत्तेही पुरवले गेले होते, हे संशोधकांनी २००७ मध्ये कागदपत्रांनिशी दाखवलं, म्हणजे चौसष्ट वर्षांनी. या माणसांनी १९४० मध्ये दारावर आलेल्या गणकाला खरी उत्तरं दिली होती. चांगल्या नागरिकाने जे करावं ते त्यांनी केलं होतं.

जुन्या युद्धांमध्ये फार रमायला नको. कोविडचा काळ तर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. मार्च २०२० मध्ये सिंगापूरने ‘ट्रेसटुगेदर’ हे अ‍ॅप आणलं. रुग्णाच्या संपर्कात कोण आलं ते शोधायचं, आणि तेवढंच, असं मंत्र्यांनी जाहीरपणे सांगितलं. लोकांनी विश्वास ठेवला. जानेवारी २०२१ मध्ये संसदेत एका प्रश्नाच्या उत्तरात कळलं की फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार पोलीस ही माहिती मागू शकतात आणि एका खुनाच्या तपासात त्यांनी ती मागितलीही होती. आश्वासन देणारे मंत्री व्हिव्हियन बालकृष्णन यांनी मग कबूल केलं की तसं बोलताना ती संहिता आपल्या लक्षातच आली नव्हती. मला हा माणूस खोटं बोलत होता असं वाटत नाही, आणि म्हणूनच हे उदाहरण मला इतकं बोलकं वाटतं. वचन मनापासून दिलेलं होतं. फक्त ते जिच्यापुढे टिकायला हवं होतं ती तपासयंत्रणा आधीपासून उभी होती आणि माहिती तिच्या हाताच्या अंतरावर होती. पुढच्याच महिन्यात कायदा झाला. त्यात ही माहिती गुन्हे तपासाला वापरायला बंदी घालण्याऐवजी सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांसाठी परवानगी देण्यात आली.

खुनी पकडला जात असेल तर बिघडलं काय? त्या एका प्रकरणात काहीच नाही. म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. या म्हणीइतकं नेमकं वर्णन या प्रश्नाचं मला कुठल्याही निकालपत्रात सापडलेलं नाही.

बरं, कायद्यात स्पष्ट बंदी घातली तर? तोही प्रयोग झाला आहे. जर्मनीत हॉटेलांमध्ये हजेरी नोंदवायला ‘लुका’ नावाचं अ‍ॅप वापरत. ती माहिती साथीच्या कामाशिवाय वापरायला कायद्याने मनाई होती. तरीही २०२१च्या अखेरीस माइन्झ शहरात एक माणूस हॉटेलातून बाहेर पडताना कोसळून मेला, तेव्हा साक्षीदार शोधायला पोलिसांनी आरोग्य खात्यामार्फत नेमकी हीच माहिती काढली आणि लोकांना फोन केले. बोभाटा झाल्यावर सरकारी वकिलांनी दिलगिरी व्यक्त केली. त्याच देशात, त्याच काळात, सरकारचंच दुसरं एक अ‍ॅप चालू होतं. त्यात कोण कोणाजवळ होतं याची नोंद ज्याच्या-त्याच्या फोनवरच राही, मध्यवर्ती साठा नव्हताच. तिथे पोलिसांना मागायला काही नव्हतं आणि कोणाला नाही म्हणायलाही काही नव्हतं. दोन्ही अ‍ॅप एकाच कायद्याच्या छायेखाली होती. फरक पडला तो साठा करायचा की नाही या पहिल्या दिवशीच्या निर्णयामुळे.

इथे थोडं विषयांतर. ‘खासगी’ या शब्दाचा मराठी कारभारातला इतिहास गमतीचा आहे. होळकरांच्या राज्यात दौलतीचा हिशेब वेगळा आणि खासगीचा वेगळा. खासगी म्हणजे राजघराण्याचं स्वतःचं उत्पन्न. म्हणजे ‘हे आमचं खासगी आहे’ असं म्हणण्याचा मान आधी राज्यकर्त्यांचा होता, रयतेला तो फार उशिरा मिळाला. आजची सरकारं पाहिली की वाटतं, तो मान त्यांनी कधी सोडलाच नाही. मार्च २०१३ मध्ये अमेरिकी सिनेटमध्ये गुप्तचर विभागाचे प्रमुख जेम्स क्लॅपर यांना विचारलं गेलं की तुम्ही कोट्यवधी अमेरिकनांची माहिती गोळा करता का. उत्तर आलं, नाही, जाणूनबुजून तरी नाही. तीनच महिन्यांनी गुप्तचर यंत्रणेसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी गुप्त कागद बाहेर काढले. कोट्यवधी ग्राहकांचे कॉल, कोणी कोणाला कधी आणि किती वेळ, रोजच्या रोज सरकारजमा होत होते आणि परवानगी देणारं न्यायालय बंद दाराआड चालत होतं. नागरिकाने काचेच्या घरात राहायचं आणि सरकारने पडद्याआड, असा हा करार.

त्या कार्यक्रमाचा उपयोग किती झाला? सरकारच्याच एका स्वतंत्र देखरेख मंडळाने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. दहशतवादाच्या एकाही तपासाचा निकाल या कॉल-नोंदींमुळे ठोसपणे बदलल्याचं उदाहरण त्यांना आढळलं नाही. सुरक्षेच्या पारड्यात काय आहे ते दाखवा म्हटल्यावर पारडं बरेचदा असं रिकामं निघतं. पण ते रिकामं आहे हे कळायला आधी कोणाला तरी गुन्हेगार ठरून देश सोडावा लागतो.

कधी कधी ते पारडं रिकामं नसतंच, त्यात उलट धोका असतो. पोलिसांना न्यायालयाच्या हुकमाने फोन ऐकता यावेत म्हणून दूरध्वनी यंत्रणेतच तशी सोय ठेवलेली असते. अथेन्स ऑलिंपिकच्या सुमारास, २००४-०५ मध्ये, अज्ञात लोकांनी एका कंपनीच्या यंत्रणेतली हीच सोय गुपचूप चालू केली आणि शंभराहून अधिक फोन ऐकले. त्यात ग्रीसच्या पंतप्रधानांचा फोनही होता. अमेरिकेत १९९४च्या कायद्याने कंपन्यांना अशी सोय ठेवणं बंधनकारक केलं. २०२४ मध्ये उघड झालं की चीनशी संबंधित हॅकर दूरसंचार कंपन्यांमध्ये शिरले होते आणि न्यायालयीन फोन-टॅपिंगच्या यंत्रणेपर्यंतही पोहोचले होते. मग वर्षअखेरीस अमेरिकी अधिकारीच सांगू लागले की एन्क्रिप्टेड, म्हणजे मधल्या कोणाला वाचता येणार नाही अशी, संदेशसेवा वापरा. याच एन्क्रिप्शनला पळवाट ठेवा म्हणून त्यांच्याच तपासयंत्रणा वर्षानुवर्षं कंपन्यांच्या मागे लागल्या होत्या. कुंपणाने शेत खाल्लं तर निदान कोणाला तरी दोष देता येतो. इथे शेताला कुंपणच असं घातलं होतं की शेजाऱ्याची गुरंही आत यावीत.

आता माझ्या बाजूची अडचण. साठा केलाच नाही तर काही चांगली कामंही होणार नाहीत. एखादा जुना गुन्हा उलगडणार नाही, एखादी योजना खऱ्या गरजूपर्यंत उशिरा पोहोचेल, साथीचा माग धूसर राहील. हे नुकसान खरं आहे आणि ते मान्य न करता खासगीपणाची बाजू मांडणारे लोक मला अर्धवट बोलतात असं वाटतं. सरकारने कोणावर पाळत ठेवूच नये असंही माझं म्हणणं नाही. संशय आहे, नाव आहे, कारण आहे, तर न्यायाधीशापुढे जावं, परवानगी घ्यावी आणि ऐकावं. १९६७ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयापुढे चार्ल्स कॅट्झ या जुगारवाल्याचं प्रकरण आलं. तो वापरत असलेल्या सार्वजनिक फोनबूथला एफबीआयच्या माणसांनी बाहेरून यंत्र लावून त्याचं बोलणं ऐकलं होतं. न्यायालयाने म्हटलं, पाळत इतकी मोजकी होती की आधी विचारलं असतं तर न्यायाधीशाने परवानगी दिलीही असती. विचारलं नाही, म्हणून दोषसिद्धी रद्द. हा निकाल मला फार आवडतो. सरकारचं काम त्याने अशक्य केलं नाही, फक्त विचारण्याची सक्ती केली. एका माणसाबद्दल विचारता येतं. सगळ्या लोकसंख्येबद्दल ‘कारण काय’ असं विचारलं तर उत्तरच नसतं, आणि सरसकट साठवणीला खरी अडचण आहे ती हीच.

पूर्वी या सरसकटपणाला आणखी एक लगाम होता, खर्चाचा. पूर्व जर्मनीच्या श्टाझी या गुप्त पोलीस खात्याकडे १९८९ मध्ये सुमारे ९१ हजार पगारी माणसं होती आणि त्याहून कितीतरी जास्त खबरे, तेही दीड-पावणेदोन कोटींच्या आत लोकसंख्या असलेल्या देशात. पाळत ठेवणं म्हणजे माणसामागे माणूस लावणं होतं. २०१२ मध्ये एका मोटारीला २८ दिवस चिकटवलेल्या जीपीएस यंत्राच्या खटल्यात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अलिटो यांनी हेच नोंदवलं: संगणकापूर्वीच्या काळात खासगीपणाचं सर्वांत मोठं संरक्षण कायद्याने नव्हे, व्यवहाराच्या अडचणींनी केलं. तो लगाम तुटला. त्याची जागा घ्यायला कायद्याने जितक्या वेगाने यायला हवं होतं तितक्या वेगाने तो आला नाही.

“सरकारचं काय घेऊन बसलात, फोनवरच्या कंपन्यांना तुम्ही याच्या दसपट माहिती रोज देता,” हा टोमणाही ऐकू येतो. टोमणा रास्त आहे. पण कंपनी मला तुरुंगात टाकू शकत नाही, माझं नागरिकत्व काढू शकत नाही. आणि कंपन्यांचा साठा आणि सरकारचा साठा यांच्यात भिंत आहे हा समजही भाबडाच. अमेरिकेतल्या टिमथी कार्पेंटर या आरोपीच्या खटल्यात तपासयंत्रणेने फोन कंपनीकडून त्याच्या १२७ दिवसांतल्या १२,८९८ ठिकाणांच्या नोंदी साध्या आदेशावर मिळवल्या होत्या. यासाठी वॉरंट लागेल, असं २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं. मग वॉरंटशिवायचा रस्ता उरला बाजाराचा. अमेरिकी गुप्तचर विभागाच्या २०२३ मध्ये खुल्या झालेल्या अहवालात मान्य केलं आहे की या यंत्रणा लोकांची माहिती दलालांकडून सरळ विकत घेतात. मागून मिळत नसेल ते पैसे टाकून मिळतं. साठा कोणाच्या कोठीत आहे याने फरक पडत नाही तो असा.

न्यायालयांना हे कळत नाही असं नाही. जर्मनीच्या घटना न्यायालयाने १५ डिसेंबर १९८३ रोजी जनगणनेच्या खटल्यात सांगितलं की आपल्याबद्दल कोणाला काय माहीत आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो माणूस मोकळेपणाने वागू शकत नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. असा हक्क घटनेत नाहीच, असा युक्तिवाद सरकारने त्या खटल्यात केला होता. न्यायालयाने कसोट्या दिल्या: कायदा हवा, उद्देश रास्त हवा, उपाय उद्देशाच्या प्रमाणात हवा. कसोट्या उत्तम आहेत. पण खटला उभा राहून निकाल लागेपर्यंत साठा वाढतच असतो, आणि ‘आता एवढं जमलंच आहे तर’ हा युक्तिवाद प्रत्येक वर्षागणिक जड होत जातो. कायदेमंडळं तर दार उघडं ठेवूनच कुलूप बनवतात. युरोपचा २०१८ पासून लागू झालेला माहिती-संरक्षणाचा प्रसिद्ध नियम (जीडीपीआर) राष्ट्रीय सुरक्षेच्या कामांना लागूच नाही आणि भारताच्या याच विषयावरच्या २०२३च्या कायद्यात केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना अधिसूचना काढून मोकळं करू शकतं. ज्याच्यापासून संरक्षण हवं त्यालाच सूट, हे मला आजवर कोणी समजावून सांगू शकलेलं नाही.

साठा नष्ट करणारं सरकार अगदीच दुर्मीळ, पण एक सापडतं. ब्रिटनने २००६ मध्ये कायदा करून पुन्हा राष्ट्रीय ओळखपत्रं आणि त्यामागची मध्यवर्ती नोंदवही आणली होती. २०१० मध्ये सत्ता बदलली, कायदा रद्द झाला आणि फेब्रुवारी २०११ मध्ये त्या नोंदवहीच्या शेकडो हार्ड डिस्क यंत्रात घालून त्यांचा भुगा करण्यात आला. डेमियन ग्रीन हे मंत्री स्वतः कॅमेऱ्यांपुढे तिथे हजर होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच देशाच्या पंतप्रधानांनी डिजिटल ओळखपत्राची योजना जाहीर केली. या वेळी कारण युद्धाचं नव्हतं, बेकायदा नोकऱ्या रोखण्याचं होतं. आणि त्याच घोषणेत पुढे म्हटलं होतं की हे ओळखपत्र ड्रायव्हिंग लायसन्स, मुलांच्या संगोपनाची मदत आणि सरकारी कल्याण योजना यांच्यासाठीही सोयीचं पडेल.